पाच दातांचा कंगवा

पॅनेलमधल्या पट्टीवर वायरी जोडायचे टर्मिनल बारा होते. पहिले तीन वीजपुरवठ्याचे. चारवर वधूपक्षाचं झुंबर, पाचवर धुराचं यंत्र, सहावर कारंजं, सातवर फिरतं व्यासपीठ आणि आठवर वरपक्षाचं झुंबर. नऊ ते बारा रिकामे, पुढेमागे हॉलच्या मालकाला आणखी काही सुचलं तर. बटणं चार. जंपर एक. आणि तो जंपर ड्रॉइंगमध्ये कसा दाखवायचा हे ज्याला खरोखर कळतं, अशी व्यक्ती सबंध ताराझ शहरात एकच. मी!

निदान त्या सकाळपर्यंत माझं असं ठाम मत होतं.

जंपर म्हणजे काय, तर बोटभर लांबीचा धातूचा कंगवा. ज्या टर्मिनलांना एकमेकांशी जोडायचं, त्यांच्या खाचांत याचे दात दाबून बसवायचे. मधल्या एखाद्या टर्मिनलला वगळायचं असेल तर तिथला दात पकडीने तोडून टाकायचा. इतकं सोपं. पण हेच ड्रॉइंगच्या प्रोग्रॅममध्ये दाखवायचं म्हटलं की आमच्या ऑफिसात माणसं तीन आणि पद्धती चार! कोणी सरळ रेघ मारतं, मग प्रोग्रॅम तिला वायर समजून तिच्यासाठी नंबराची चिठ्ठीही मागवतो. कोणी बाजूला शब्दांत लिहितं. कोणी काहीच दाखवत नाही आणि वायरमनच्या सद्‌बुद्धीवर सोडतं.

मी मात्र शास्त्रशुद्ध काम केलं. एक आडवी रेघ, तिच्यावर पाच खुणा. जिथे दात ठेवायचा तिथे भरीव ठिपका, जिथे तोडायचा तिथे पोकळ वर्तुळ. चार आणि आठ भरीव, पाच, सहा, सात पोकळ. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं तर ती वर्तुळं जेवणाच्या ताटाएवढी दिसत होती. प्रोग्रॅमकडून तपासणी करून घेतली. चुका: शून्य. मी खुर्चीवर मागे रेलून दोन मिनिटं नुसतीच त्या शून्याकडे बघत बसले.

आता या कंगव्याची गरज का पडली, तर माझ्या ताईच्या सासूमुळे.

उल्पानताईच्या साखरपुड्याला मांसाची परात आमच्या थोरल्या काकांसमोर आधी आली आणि तिच्या होणाऱ्या सासूसमोर, म्हणजे बाल्झान अपांसमोर, नंतर. नंतर म्हणजे किती, तर वाढणारा माणूस परत वळून येईपर्यंत. तेवढ्यावरून अपांनी मांसाला हात लावला नाही, लग्न वसंतातून उचलून शरदात नेऊन ठेवलं आणि निघताना दारात स्पष्ट सांगून गेल्या की पुन्हा आमच्या माणसांना कणभर जरी कमी लेखलं, तर या सुनेच्या हातचा चहा मी जन्मात पिणार नाही. आमच्याकडे सून घरात आली की चहा तिनेच ओतायचा. सासूने वाटी पुढे केलीच नाही, तर त्या घरात सुनेने करायचं काय?

तेव्हाच मी ठरवलं. नव्या हॉलच्या सजावटीचं पॅनेल आमच्याच कारखान्यात होणार होतं आणि त्या हॉलमधलं पहिलं लग्न ताईचं होतं. एकाच बटणाने दोन्ही पक्षांची झुंबरं एकाच क्षणी उजळतील! मान दोघांना सारखा, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत सारखा. ताईला ही कल्पना सांगितली तेव्हा ती टाचांना लागणारे नवे बूट सैल व्हावेत म्हणून ते घालून घरभर फिरत होती.

"मोल्दिर, माझ्यासाठी एक करशील?" ती म्हणाली.

"काय वाट्टेल ते."

"काही करू नकोस."

मी ते विनोद म्हणून सोडून दिलं.

पॅनेलचं जोडकाम तोलेगेन आगांकडे होतं. आगा आमचे वायरमन. हात वेगवान आणि तोंड त्याहून वेगवान. लग्नाच्या आदल्या दिवशी मी केस बांधून बघायला पार्लरमध्ये बसले होते, डोक्यात चाळीस पिना, तेव्हा त्यांचा फोन आला. कंगवा कागदाप्रमाणेच बसवू ना, मला जरा चमत्कारिक वाटतंय, असं ते म्हणत होते.

"आगा, मला काय विचारता, कागदाला विचारा. कागद चुकत नसतो."

"बरं बाई. कागदाला विचारतो. तो तरी नीट बोलतो माझ्याशी."

संध्याकाळी, यंत्रं जोडायच्या आधी, मी स्वतः कारखान्यात जाऊन पॅनेलची तपासणी केली. माझ्याकडे तपासणीचे दिवे दोनच होते. एक चारला लावला, एक आठला. बटण दाबलं. दोन्ही एकदम लागले! बाकीच्या टर्मिनलांवर काय चाललंय ते बघायला तिसरा दिवा लागला असता, आणि तो आणायला जिना उतरावा लागला असता. डोक्यातल्या पिना सांभाळत मी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी हॉल गच्च भरला होता. मधोमध कारंजं, डावीकडे आम्ही, उजवीकडे वरपक्ष, आणि समोर गोल व्यासपीठावर ताई, चेहऱ्यावर ओढणी. तिच्या डोक्याला पांढरा रुमाल बांधायला बाल्झान अपा शेजारी उभ्या. मुखदर्शनाचा विधी होता. गाणारा एकेका सासरच्या वडीलधाऱ्याचं नाव घेतो, नवरी त्यांच्याकडे तोंड करून लवते आणि मग ओढणी दूर होते; पण झुंबरांसाठी आज ओढणी आधी आणि नावं नंतर, असं ठरलं होतं. गाणं आणि निवेदन दोन्ही दास्तानकडे होतं. पोरगा मोठा हजरजबाबी. हातात दोन तारांचा दोंब्रा आणि शेजारच्या टेबलावर माझी चार बटणं. दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद, आणि चालू असेपर्यंत बटणात हिरवा दिवा.

दास्तानने दोंब्र्याच्या टोकाने अलगद ओढणी उचलली आणि दुसऱ्या हाताने झुंबरांचं बटण दाबलं.

झुंबरं लागली. एकदम! मी शेजारच्या मावशींना कोपराने ढोसलं, बघा म्हणून. तेवढ्यात व्यासपीठाखालून धूर निघाला. थोडाथोडका नाही, उकळत्या चहाचे दहा समोवार एकदम उलटल्यासारखा. ज्या चेहऱ्यासाठी तीनशे माणसं मान उंचावून बसली होती, तो बरोबर उघडायच्या क्षणी दिसेनासा झाला. मग कारंजं उडालं. ते त्याच सकाळी पहिल्यांदा भरलं होतं आणि किती उंच उडतं हे कोणीच पाहिलं नव्हतं. छताला लागून ते दोन्हीकडच्या टेबलांवर आलं. आणि या सगळ्यात व्यासपीठ फिरायला लागलं.

दास्तान बिचारा गातच राहिला, कारण थांबायचं कसं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. नवरदेवाच्या आत्याचं नाव घेतलं. ताई लवली. पण तोवर व्यासपीठ अर्धं फिरलं होतं, त्यामुळे ती आमच्या थोरल्या काकांपुढे लवली. काका इतके भारावले की उठून उभे राहिले. नवरदेवाच्या मामांचं नाव आलं तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दाराला लवली. धुरातून अधूनमधून नुसता आवाज यायचा, "सोडू नकोस गं मला, सोडू नकोस!" तो आवाज बाल्झान अपांचा होता.

मी धावले. बटणांपाशी पोहोचेपर्यंत दास्तानने कारंजं थांबवायला कारंज्याचं बटण दाबलं होतं. ते बटण मुळात बंद होतं, ते आता चालू झालं. मग त्याने झुंबरांचं बटण बंद केलं. काहीही बंद झालं नाही. चारही हिरवे दिवे लागलेलेच.

"ताई, यातलं कुठलं चालू आहे?" त्याने मला विचारलं.

आणि तेव्हा मला उत्तर कळलं. पाचही टर्मिनल एकमेकांना जोडलेले आहेत. कुठलंही एक बटण चालू असलं की सगळं चालू, आणि दिवे बघून कळायचं नाही, कारण दिवेही त्याच टर्मिनलांवर. चार बटणं म्हणजे सोळा शक्यता. त्यातली शांत एकच! मी त्याला हे समजावून सांगितलं आणि क्रमाने एकेक शक्यता तपासायला घेतली. पण मी एक बटण दाबावं, तर पलीकडून तो भीतीने दुसरं दाबी. नवव्या शक्यतेला तर हॉलचा मालकही येऊन एक दाबून गेला.

शेवटी मी पॅनेलकडे पळाले. त्याला कुलूप. किल्ली तोलेगेन आगांकडे, आगा आमच्याच टेबलावर, हातात हाडूक. त्यांनी अंगरख्याला बोटं पुसली, शांतपणे येऊन कुलूप उघडलं आणि मुख्य स्विच खाली ओढला.

सगळं थांबलं. दाराच्या आतल्या बाजूला माझं ड्रॉइंग चिकटवलेलं होतं, मोठ्या कागदावरून आखडून छोट्या कागदावर छापलेलं. मी कंगव्याच्या रेघेवर नाक टेकवलं. पाच ठिपके. पाचही काळेकुळकुळीत. छापताना वर्तुळं इतकी बारीक झाली होती की त्यांची पोटं शाईने भरून गेली होती.

"कागदाला विचारलं होतं मी," आगा म्हणाले. "तो म्हणाला, पाचही ठेव."

तिकडे हॉलमध्ये धूर विरला. व्यासपीठ तिरपं थांबलं होतं आणि त्यावर ताई आणि बाल्झान अपा एकमेकींना घट्ट मिठी मारून उभ्या होत्या. अपांनी आधी डोळे उघडले, मग मिठी सोडली, मग पदराएवढा रुमाल पिळला. ताईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी इथे लिहीत नाही.

दास्तानने माइक उचलला. "मंडळी," तो म्हणाला, "लग्नात पाणी पडणं म्हणजे बरकत. बाहेर आभाळ कोरडं होतं, म्हणून या घरच्यांनी ती आत पाडली!"

कोणीतरी हसलं, मग सगळेच. टाळ्या पडल्या. मी श्वास सोडला. तो पुरता बाहेरही पडला नव्हता, तोच बाल्झान अपा आपल्या जागी जाऊन बसल्या, समोरची चहाची वाटी उचलली आणि उपडी ठेवली.

"बरकत ना?" त्या म्हणाल्या. "मग कोणाकडे जास्त पडली?"

आमच्या काकांनी लगेच सांगितलं की आमच्याकडे. नवरदेवाच्या मामांनी सांगितलं की छे, डोळ्यांदेखत त्यांच्याकडे. काकांनी भिजलेली टोपी दाखवली, मामांनी बूट काढून ओतून दाखवला. आवाज चढायला लागले. अपा वाटीवर पालथा हात ठेवून बसल्या.

"मोजता येईल," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. विज्ञान शिकलेल्या माणसाला हा रोगच असतो.

दोन्हीकडचं कारंज्याला सर्वांत जवळचं टेबल निवडलं. टेबलक्लॉथ एकाच ताग्यातले, एकाच मापाचे. दोन सारख्या टबांत एकेक घडी करून ठेवला. आमचा टब आमच्या बाजूला, त्यांचा अपांच्या खुर्चीशी. मी मांस तोलायचा काटा आणायला स्वयंपाकघरात गेले. काटा शून्यावर आणून, तसाच एक रिकामा टब तोलून, त्याचं वजन टिपून घेऊन मी परत आले तेव्हा वाद टोपी आणि बुटावरून जुन्या साखरपुड्याच्या परातीवर पोहोचला होता आणि टबांकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

फक्त ताई कामात होती. नव्या सुनेला शोभेल अशी मान खाली घालून, गरम पाण्याची दीड लिटरची किटली दोन्ही हातांनी धरून ती सासूच्या टेबलाकडे निघाली होती. किटली जड होती, तिचे खांदे ओढले गेले होते. अपांची वाटी उपडीच होती. शेजारच्या मामांनी नको म्हणून हात हलवला. ताई तिथे घटकाभर वाकली, ओढणीचा घोळ सगळीकडे पसरला, मग ती तशीच अदबीने मागे वळली. येताना किटली तिच्या एका बोटावर झुलत होती.

काटा मध्ये ठेवला. दोन्हीकडची माणसं भोवती जमली. तोलेगेन आगांनी आधी आमचा टब चढवला, मग त्यांचा. बाल्झान अपा वाकून काट्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी वाटी सुलटी केली आणि ताईच्या दिशेने बोटभर सरकवली.

मी टबाचं वजन वजा करून आकडे मोठ्याने वाचले. वधूपक्ष, सहा किलो चारशे ग्रॅम. वरपक्ष, सात किलो नऊशे ग्रॅम.