उंबऱ्यावर अडलेली मरळस्वारी

श्री. वाहत्या जळास व जळातील लहानथोर जीवांस वंदन करोन, हकीकत घडली तैसी लिहिली असे; अधिक घातले नाही, उणे केले नाही. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, वैशाख शुद्ध सप्तमी, भौमवासरे, पहाटेचे पाच वाजोन दहा मिनिटे. स्वार तीन, गळ नऊ, रिक्षा एक, ऐसी सिद्धता जाहली.

या राज्याचे नाव कोठे लिहिलेले नाही. मुलूख तीन खोल्यांचा, पुढे कट्टा, मागे न्हाणीघर, आणि गादीवर हिंदुराव नाना, वय वर्षे एकाहत्तर, ज्यांनी तंत्रनिकेतनात लेथ यंत्रावर पोरांच्या पिढ्या घडविल्या. गादी नानांची, कारभार सूनबाई वैजयंतीबाई यांचा. गतसाली ग्रीष्मात नाना नदीवर गळ टाकोन बसले असता उन्हाने भोवळ येऊन वाळूत पडले, आणि चौघांनी खाटेवर घालोन घरी आणिले, आणि अवघ्या गल्लीने ते पाहिले. त्या दिवसापासोन लोक नानांशी हळू आवाजाने बोलों लागले, आणि उठू म्हणता "बसा, बसा" म्हणों लागले, ते नानांस फार लागले. मग नानांनी मनी धरिले की यंदा पुन्हा नदीस जावे, मरळ धरावी, आणि आपल्या पायांनी उंबरा ओलांडोन परत यावे.

मग मसलत बसली. सरदार दोन: दस्तगीर मुल्ला, रिक्षाचे धनी; आणि आकाराम चौगुले, साखर कारखान्यातून निवृत्त, शकुन पाहिल्यावाचून चहादेखील न घेणारे. दस्तगीर बोलिले, "नाना, मरळीचा नाद सोडा. दिवसभर बसवती आन् शेवटाला शेपूट दावती. चिलापी धरू, डबा भरून येतोय." नाना बोलिले, "डबा भरायला बाजार आहे, दस्तगीर. मरळ धरायची." मग तह जाहला की उजाडता पाणवनस्पतींच्या कडेस मरळ पाहावी, आणि ऊन वाढता पाण्यात पडल्या बाभळीच्या फांद्यांशी चिलापी पाहावी. नानांनी डोहाचा नकाशा प्रमाणात काढिला, आणि वारा कोणीकडून येईल, सावली कोणत्या समयी कोठे पडेल, हे सर्व योजिले, आणि मरळीस बेडूक व चिलापीस गांडूळ, ऐसा शिधाही नेमिला. आठ दिवस ऐसी योजना चालली. त्यात नदी सारी आली, परंतु घराचा उंबरा कोणाचे ध्यानी आला नाही.

ऐसे असता स्वारी निघाली, आणि नानांनी पाऊल उचलिले, तो आतून सूनबाई मृदु स्वरे पुसत्या जाहल्या, "कुठं निघालात, नाना?" आता कामास निघाल्या माणसास 'कुठे' म्हणोन पुसिले तर काम फसते, आणि माघारी फिरोन, पाणी पिऊन, अर्धा तास बसावे, तरच दोष जातो, ऐसी चाल. आकारामांनी गळ खाली ठेविले. "नाना, मागं फिरा. इचारलं." "अरे, विचारलं म्हणजे काय झालं?" "काय झालं ते नदीवर कळंल. फिरा." मग फिरले, पाणी प्याले, बसले, उठले, आणि सूनबाईंनी खिडकीतून दुसरेन पुसिले, आणि पुन्हा बसले, आणि पूर्वेस तांबडे फुटले, आणि तिसरेन निघाले तो सूनबाई रांगोळीचा डबा घेऊन दारातच उभ्या, "एवढ्या सकाळी कुठं, म्हणते मी?"

दस्तगीर रिक्षातून बोलिले, "वैनी, ठरवून इचारतायसा व्हय?" "सासरे घराबाहेर पडतात, सुनेनं विचारूही नये?" "इचारा की. पर एकदाच इचारा, तीनदा काय?" तेव्हा सूनबाईंनी डबा खाली ठेविला आणि नानांस म्हणाल्या, "गेल्या साली चौघांनी आणलं तुम्हाला. मी ह्याच दारात उभी होते. आधी श्वास चालू आहे का ते पाहिलं, मग रडले. पुन्हा नाही पाहवायचं मला." मग नाना बोलिले, "तुझं खरं आहे, पोरी. पण वर्ष झालं, मी ह्या गल्लीत खाटेवरून आणलेला माणूस म्हणून राहतोय. आता नाही राहायचा. एका 'कुठं'नं मोहीम बुडत असेल तर शंभर होऊ देत."

आणि नाना रस्त्याचे मध्यभागी उभे राहिले, आणि वर्गात यंत्रांच्या आवाजावर चढवीत तो आवाज काढोन गर्जले, "ऐका हो! हिंदुराव निघालाय! ज्याला विचारायचंय त्यानं आत्ता विचारा!" मग खिडक्या उघडल्या, आणि दूधवाला पुसे "कुठं?", आणि पिठाच्या गिरणीवाल्या आक्का पुसत "कुठं ओ नाना?", आणि नाना प्रत्येकास उत्तर देत, "नदीला! मरळ धरायला!" आकाराम कानांवर हात ठेवोन म्हणाले, "मेलो, मेलो," आणि रिक्षात चढले. सूनबाई आत गेल्या, आणि पंचा भिजवोन आणिला, आणि नानांचे डोकीस न बांधता हाती दिला. नानांनी तो आपल्या हाते बांधिला. मग अवघ्या गल्लीचे 'कुठं, कुठं' हेच रणवाद्य करोन स्वारी चालली.

डोहावर पोहोचती तो आठ वाजले, आणि कोणा गवळ्याच्या म्हशी पाण्यात लोळत, आणि तळ ढवळोन पाणी चहासारिखे जाहले होते. आकाराम म्हणाले, "बघा. कुठंचा गुन." नाना म्हणाले, "म्हशींचा. पावणेसहाला आलो असतो तर डोह मोकळा होता. पुढल्या खेपेस उंबरा योजनेत घ्यायचा." मग बाभळीशी गळ टाकिले, तेथेही काही लागले नाही, आणि साडेदहास ऊन चढता नानांनी स्वतः गळ गुंडाळिले, कोणी सांगितले म्हणोन नव्हे.

माघारी येता गल्लीच्या तोंडाशी नानांनी रिक्षा थांबविली आणि उतरले, आणि मान ताठ करोन मध्यभागातून चालत निघाले. लोक पुसत, "काय घावलं?" नाना सांगत, "काही नाही! गुरुवारी पुन्हा!" आणि कोणी त्यांस 'बसा' म्हणाले नाही.

एकूण हकीकत इतकी: मरळ शून्य, चिलापी शून्य, आपल्या पायांनी उंबरा ओलांडोन आत आलेली माणसे तीन.