पाणी मुरलं कुठे?

टाकी काठोकाठ भरलेली आणि पाण्यातलं खत मोजायच्या मीटरचा आकडा मात्र पुन्हा खाली! बाल्कनीत गुडघे टेकून बसलेल्या ऑडिटरसाहेबांनी मीटर झटकला, पुसला, पुन्हा बुडवला. आकडा ढिम्म. म्हणजे खताचं पाणी कुणीतरी पळवतंय आणि वर नळाचं साधं पाणी ओतून ठेवतंय. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि इथे तर मुरायला मातीसुद्धा नव्हती!

पांढऱ्या पाइपांना भोकं पाडून, नुसत्या पाण्यावर, साहेब सॅलडची पानं वाढवत होते. बायकोने मुदत दिली होती. "रविवारी ताटात पानं दिसली तर ठीक. नाहीतर पाइप भंगारात आणि माझी कपड्यांची दोरी परत जागेवर." पानं तर पिवळी पडत चालली होती. निवृत्तीनंतर साहेबांचा जीव रमला तो या पाइपांतच. ते गेले तर दिवसभर करायचं काय?

पाइप गेले तर फायदा कुणाचा? साहेबांनी जन्मभर हेच विचारलं होतं.

"टाकीला हात लावलास?" त्यांनी बायकोला गाठलं.

"मी? त्या गटाराला?"

"मग चिडतेस कशाला?"

"विचारताय म्हणून!"

चोराच्या मनात चांदणं, साहेब मनात म्हणाले.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासरे. पण ते पडले साहेबांच्या पक्षाचे. जेवताना पाइपांचं कौतुक तेवढे तेच ऐकून घेत.

"काय ताकद आहे या पाण्यात, बाबा! आठवड्यात मुळं वीतभर! दाट, मऊ!"

"झोपलेल्या मुळांनाही फुटवा येतो का हो, जावईबापू?"

"येणारच!"

असल्या सज्जन माणसावर संशय कोण घेईल? साहेबांनी गुपचूप टाकीत खायचा निळा रंग ओतला. चोराचे हात आपोआप बोलणार होते.

सकाळी त्यांनी ओट्याशीच बायकोचा हात पकडला आणि उलटसुलट करून पाहिला.

"काय हो हे? लग्नानंतर पहिल्यांदाच हात धरताय!"

हात स्वच्छ. इतका स्वच्छ? म्हणजे बाई हातमोजे घालते! साहेबांचा संशय दुप्पट झाला. तेवढ्यात सासरे चहाला आले. डोक्यावर कानटोपी, दोन्ही हात खिशात.

"बाबा, एवढ्या उकाड्यात टोपी?" बायकोने ती ओढलीच. खाली निळंशार, तुळतुळीत टक्कल!

"जावईबापूच म्हणाले, मुळांना फुटवा येतो," सासरे पुटपुटले.

"अहो, झाडांच्या मुळांना!"

"आणि केसांना काय मुळं नसतात?"



रविवारी ताटात एकच पान पडलं, तेही पिवळं. साहेबांनी आशा सोडली आणि पाना घेऊन निमूटपणे पाइप सोडवायला निघाले. इकडे बायको चष्मा लावून वडिलांच्या डोक्यावर वाकली होती.

"अहो, इकडे या. ही लव आहे ना? खरी?"

साहेबांनी पाहिलं. होती खरी, अगदी बारीक.

"पाइप राहू देत," बायको म्हणाली. साहेबांना आनंदाने रडूच कोसळायचं बाकी राहिलं.

सोमवारी मीटर घेऊन ते लगबगीने गेले, तर बाल्कनीला कुलूप! किल्ली बायकोच्या मुठीत.

"अगं, पाणी तपासायचंय!"

बायकोने त्यांच्या कपाळापासून टाळूपर्यंत पसरलेल्या टकलावरून सावकाश नजर फिरवली.

"तपासायचंय ना? मग खिशात काय लपवलंय?"

"कापूस," साहेब खाली मान घालून म्हणाले.