चंपाबाईंची हजेरी

धम्मदीप मास्तरांनी आईला भाषण ऐकायला बोलावलं, तिथेच सगळं बिनसलं. तेलंगणाच्या सीमेवरल्या भीमपूरच्या समाजमंदिरात ‘एआय जबाबदारीने कसं वापरावं’ यावर जाहीर चर्चा होती आणि मास्तर आयुष्यात पहिल्यांदा व्यासपीठावर बसणार होते. “तुह्याबद्दलबी बोलतो, माय,” असं ते कबूल करून बसले. मग काय, चंपाबाई ठेवणीतली पांढरी साडी नेसून, शेजारच्या बायांना सोबत घेऊन थेट पहिल्या रांगेत हजर.

भाषण मास्तरांनी फोनमधल्या एआयकडूनच लिहून घेतलं होतं. विषयच एआयचा, त्यात गैर काय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. सुरुवात इतकी झकास उतरली होती की ती वाचूनच ते खूश झाले. पुढचं वाचायचं तेवढं राहिलं.

आधी त्यांच्याच शाळेचे मुख्याध्यापक सुरेंद्र सर तेलुगूत बोलायला उठले. आपली दिवंगत आई कंदिलाच्या उजेडात आपल्याला कशी शिकवायची आणि शेवटचा श्वास घेताना ‘बाळा, अवजार वाईट नसतं, वापरणारा हात सांभाळ’ असं कशी म्हणाली, हे त्यांनी गहिवरून सांगितलं. चंपाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

“कवा गेली वं सराची माय?” त्यांनी शेजारच्या राहीबाईंना विचारलं. “सोमवारी तं बजारात मिरच्यांवरून भांडून राह्यली व्हती.”

मास्तरांनी सहज आपल्या कागदावर पुढे नजर टाकली. हाच कंदील, हीच दिवंगत आई, हाच शेवटचा श्वास. फरक एवढाच, की हे मराठीत होतं. सरांनीही त्याच दारात झोळी पसरली होती तर. समोरची माणसं घरी मराठी आणि बाजारात तेलुगू बोलणारी, त्यामुळे चोरी लपण्याची सोय नव्हती. ती एक वेळ चालली असती, पण पहिल्या रांगेत चांगल्या धडधाकट बसलेल्या आईला तिच्याच मैत्रिणींसमोर मारायचं कसं?

त्यांचं नाव पुकारलं गेलं. बिचाऱ्यांनी कागद खिशात कोंबला आणि जे आठवलं ते खरंखरं सांगायला सुरुवात केली.

“मी चवथीत होतो. एक दिवस मायनं मले शेळ्या चारायले धाडलं. गुरुजी गैरहजेरीवर लय कडक. मंग माह्या जागी मायच वर्गात जाऊन बसली. माहं नाव पुकारलं, तं हिनंच ‘हजर’ म्हनलं. शाळा सुटेपर्यंत उठली नाही.”

समाजमंदिर हसून हसून बेजार झालं. मागून कोणीतरी विचारलं, “सर, ॲप कोनतं हाय? लय मस्त लिवते.”

चंपाबाई ताडकन उठल्या. “मी नाही बसली कुठी. हे मशीनीनं लिवलं असन.”

झालं. हैदराबादहून आलेल्या एआय-तज्ज्ञ नीलिमा मॅडमनी माइक हाती घेतला. एआय जिवंत माणसांबद्दलही कशा थापा मारतं, याचं इतकं ताजं उदाहरण आपल्याला कुठल्याच सभेत मिळालं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. मनापासून बोलावं कसं, ते सुरेंद्र सरांकडून शिका, असा सल्लाही त्यांनी दिला. सरांनी नम्रपणे मान खाली घातली. “मॅडम, पन ते खरं हाय,” असं मास्तर काकुळतीला येऊन सांगत राहिले. मॅडमनी मोठ्या मायेनं त्यांना बसवलं आणि पाणी दिलं.

परतीच्या ऑटोत दोघंच होते. मास्तरांचा चेहरा पार उतरला होता.

“माय, तू काऊन खोटी बोलली?”

“एवढ्या बायांत मले लाज नाही वाटत का? ढकललं मशीनीवर. तिचं काय जाते?”

“पन मी तं खरं सांगून राह्यलो होतो ना.”

“खरं कुठी व्हतं?” चंपाबाई बाहेर कपाशीच्या शेतांकडे बघत हळूच म्हणाल्या. “शेळ्यांचं निमित्त व्हतं, धम्मा. मलेच बसाचं व्हतं शाळेत.”

मास्तरांना एकदम भरून आलं.

“मंग पुन्हा काऊन नाही गेली?”

“दुसऱ्या दिवशी धाडून पाह्यलं ना तुले शेळ्या घेऊन. तू शाळेतच जातो म्हून रडत बसला.”