ढवळ्याने देवाला हार घातला

एका जंगलाच्या कडेला, म्हणजे पार तिकडे ग्रीस देशात, ढवळ्या नावाचा बैल चरत होता, बाळांनो. अंगावर डाग नाही. गळ्यात ताज्या फुलांचा हार. पण डोळ्यांत पाणी. कारण हारवाल्या बैलाचा झ्यूसदेवापुढे बळी द्यायचा, असा तिथला रिवाज होता. आणि बळी आजच होता.

एवढ्यात समोर दुसरा ढवळ्या उभा! तीच शिंगं, तीच शेपटी.

"अगं आई गं! तू कोण रे बाबा?"

"मी देवांचा राजा झ्यूस. कधी हंस होतो, कधी गरुड. आज बैल झालोय."

"कशापायी, महाराज?"

"ती राजकन्या फुलं वेचतेय ना, तिच्यासाठी. माणूस होऊन गेलो की बायकोला कळतं."

थोरांचं सगळंच थोर! आपण लहानांनी नाकं मुरडू नयेत.

ढवळ्याला एकदम सुचलं. "महाराज, रूप झकास आहे. पण गळा किती ओकाबोका! माझा हार घाला. पोरी भुलतात हाराला."

दोघांनी शिंगाला शिंग लावलं. हार इकडून तिकडे घसरला. ढवळ्या झाडीत दडला.

लगेच पुजारी आला. हारवाला बैल दिसताच त्याने दावं लावलं. पुढे वाजंत्री, मागे गाव. झ्यूसला वाटलं, आपलीच मिरवणूक. राजकन्या थांबेल जरा!

देऊळ जवळच होतं. ढवळ्या जीव मुठीत धरून झाडीआडून बघत होता. पुजाऱ्याने बैलाच्या डोक्यावर पाणी शिंपडलं. आता बैलाने मान हलवली की तो मरायला राजी, असं ते लोक धरून चालत.

"देवाधिदेवा झ्यूसा, हे सगळं तुझंच!"

स्वतःचं नाव ऐकून झ्यूस खूष. त्याने नंदीबैलासारखी मान डोलावली.

मग सुरा दिसला. देवाची बोबडीच वळली. घाईघाईत तो मूळ रूपात आला.

"थांबा! मीच तो झ्यूस!"

पुजाऱ्याने आधी मूर्तीकडे पाहिलं, मग याच्याकडे. "चल हट! आमच्या देवाची छाती बघ. तुला तर ढेरी सुटलीय. बैलचोर मेला! हाणा रे याला!"

देवांचा राजा हारासकट धूम पळाला. वीज हे त्याचं हत्यार, पण ती टाकायचंही त्याला सुचलं नाही.

ढवळ्याला हायसं वाटलं. तो खुशाल चरायला लागला. तेवढ्यात राजकन्या आली. तिने त्याला कुरवाळलं आणि मोठ्या कौतुकाने नवा हार पुढे केला.

ढवळ्या जो उधळला, तो थेट जंगलात गडप.

तात्पर्य: देवाला मनोभावे हार घालावा, आपला जीव वाचतो. कोणी आपल्याला घालायला आलं, तर मात्र शेपूट वर करून पळावं.