अडकणारी ठुमरी

नवा सीडी प्लेअर घरी आला त्या संध्याकाळी शेजारचे जगदाळेकाका पांढरेशुभ्र कपडे घालून, हात जोडून आमच्या दारात उभे राहिले. बडोद्यात असं कुणी आलं की ते बेसण्याला, म्हणजे दुखवट्याला आलंय, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

"काका, कोण गेलं?"

"आवाज गेला," ते सीडी प्लेअरकडे पाहत म्हणाले. आत येऊन डोळे मिटून बसले आणि पुन्हा हात जोडून निघून गेले. माझी बायको वसुधा पेढ्यांची बशी धरून तशीच उभी!

काका प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. घराणं जुन्या संस्थानी शिपायांचं, त्यामुळे बोलताना तलवार कायम उपसलेली. ग्रामोफोनवर रेकॉर्ड लागली की त्यांच्याकडे भर मे महिन्यातही पंखा बंद. कुणी शिंकलं तर गाणं पहिल्यापासून. माझ्या सीडीवर त्यांचा शेरा ठरलेला, "साव चोख्खं, अगदी लख्ख आहे रे, पण जीव नथी!" खरखर हा म्हणे रेकॉर्डचा श्वास. "श्वास न घेता गाणारा माणूस बघितलायस कधी?"

त्यांच्या लाडक्या ठुमरीच्या रेकॉर्डवर मात्र एक चरा होता. तिथे सुई अडकायची आणि तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजायचा. जन्मभर इंजिनं दुरुस्त केलेले काका खुर्चीतून उठायचे नाहीत. "अगं, अडकली!" अशी आरोळी ठोकायचे. मग काकू कणकेच्या हातांनी बाहेर यायच्या, करंगळी तेवढी पदराला पुसायच्या आणि सुई पुढे सरकवायच्या. "दुसरी आणा की एकदा!" असं पुटपुटत आत जायच्या. काकांनी काही आणली नाही.

गेल्या वर्षी काकू गेल्या. आरोळी थांबली, पण ठुमरी अडकतच राहिली. भिंतीपलीकडून तोच तुकडा, तोच तुकडा, आमचा चहा निवून जाईपर्यंत. "हात लावायला काय होतं यांना?" वसुधा वैतागायची. म्हातारा हट्टाला पेटलाय, असं मी धरून चाललो होतो.

म्हणून तीच ठुमरी मला सीडीवर मिळाली तेव्हा कोण आनंद झाला! रविवारी सकाळी काकांना बोलावलं. "काका, आज फैसला."

काका ऐटीत बसले. पंखा बंद करवला. गाणं सुरू झालं, ठरलेलं "जीव नथी" झालं. मग ती जागा जवळ आली. काका सावरून बसले आणि मान स्वयंपाकघराकडे वळवून त्यांनी आरोळी ठोकली, "अगं, अड..."

ठुमरी अडकली नाही. सरळ पुढे गेली.

काकांचं तोंड उघडंच राहिलं. चेहरा पांढराफटक. यांना काही झालं की काय, म्हणून मी उठलोच. आरोळी ऐकून वसुधा पोळ्या टाकून बाहेर धावली. काका तिच्या पिठाच्या हातांकडे बघत राहिले.

"जिंकलास तू," गाणं संपल्यावर ते म्हणाले. "बेस आहे तुझी सीडी. हिच्यासाठी कुणाला उठून यावं लागत नाही."

मी सीडी काढून डबीत ठेवली.

संध्याकाळी भिंतीपलीकडे तोच तुकडा सुरू झाला. वसुधा कणीक मळत होती. ती वैतागली नाही. करंगळी पदराला पुसत तशीच शेजारी गेली, आणि ठुमरी पुढे सरकली.