सोमवारची पेशी

आपली मुलगी नेमकं काय करते हे शामकलाबाईंना कोणाला सांगता येत नसे, आणि त्याचा त्रास मुलीपेक्षा त्यांनाच जास्त व्हायचा. प्रेरणा हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत लहान मुलांच्या कॅन्सरवर संशोधन करत होती. तिची पीएच.डी. झाली तेव्हा शामकलाबाईंनी अख्ख्या कामठ्यात पेढे वाटले. "पोरगी डॉक्टर झाली," म्हटल्यावर पेढा तोंडात टाकून बाया गुडघे दाखवायला आल्या. गुडघ्यांतलं आपल्याला काही कळत नाही असं प्रेरणाने सांगितलं, तेव्हा पेढा परत करता येत नाही याचं दुःख घेऊन त्या घरी गेल्या. मग पीएच.डी.च्या पुढचं संशोधन करायला प्रेरणा पोस्टडॉक झाली. "पोस्टात डॉक्टर," असं शेजारच्या सुमनबाईंनी गावाला समजावलं. पोस्टमनच्या तब्येतीची सरकारला एवढी काळजी आहे हे ऐकून गावाला बरंच वाटलं.

या खेपेला प्रेरणा आली होती ती भावाच्या साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी. रत्नपालचं गोंदियात मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. आमगावची अल्का तिथे फोनची काच बदलायला आली. मग त्याच फोनची काच पुन्हा फुटली, पुन्हा फुटली, आणि शेवटी दोन्ही घरच्यांनी बसून बोलणी केली. रविवारी साक्षगंध ठरलं. अल्काचे वडील केवळराम रत्नपालला आत्तापासूनच 'जवाईबापू' म्हणू लागले होते, आणि ते ऐकलं की रत्नपाल हातातला स्क्रू खाली पाडायचा.

"अन् तू," शामकलाबाईंनी मुलीला बजावलं, "पाव्हण्यांसमोर इंग्रजी नोको झाडू. मागच्या खेपेला उंदरं उंदरं करून राहिली होतीस, मावशीनं ताट खाली ठेवलं."

"बरं आई. शुद्ध मराठीत बोलीन," प्रेरणा म्हणाली. सगळा घोटाळा या आज्ञाधारकपणातून झाला.

मोबाइलवाल्याचं घर असूनही घरात रेंज नव्हती. म्हणून शुक्रवारी सकाळी हैदराबादहून दिव्याचा फोन आला तेव्हा प्रेरणा अंगणाच्या भिंतीपाशी जाऊन बोलली. दिव्या तिची प्रयोगशाळेतली जोडीदार, नाशिकची. भिंतीपलीकडे सुमनबाई तांदूळ पाखडत होत्या.

"दिव्या, सोमवारी माझ्या पेशी आहेत. पुढे ढकलू नकोस हं!" प्रेरणा ओरडून सांगत होती. "हो गं, त्याच. तीन वर्षांच्या मुलाच्या... मी आले की मारते... सगळ्या! एक जरी वाचली ना, तर सरांसमोर माझी धडगत नाही."

सुमनबाईंचं सूप थांबलं.

शाळेच्या पुस्तकात पेशी म्हणजे शरीराचा सगळ्यात बारका कण. पण सुमनबाईंची शाळा त्या धड्याच्या बरीच अलीकडे सुटली होती. पेशी मात्र त्यांना चांगली माहीत होती. कोर्टात तारीख लागते ती पेशी. त्यांचा दीर पेशीवर जायचा, भाचा पेशीवर जायचा, आणि पेशीवरून येताना समोसे आणायचा.

"प्रेरणाची सोमवारी पेशी आहे म्हणते," दुपारी हातपंपावर त्यांनी आवाज खाली करून सांगितलं. "तीन वर्षाच्या पोराचा मामला आहे. मारलन म्हणते."

"बाप्पा! कुठी?"

"कुठी का? पोस्टातच असंल."

कामठ्याहून आमगावला बस जायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या आत ही बातमी आमगावला पोचली. संध्याकाळी रत्नपालचा फोन वाजला. बोलून झाल्यावर तो ओट्यावर तसाच बसून राहिला.

"आई, अल्काचे बाबा उद्या सकाळी येऊन राहिले. एकटेच. बोलाचं आहे म्हणते."

"मंग येऊ दे ना."

"मले रत्नपालजी म्हणाले. जवाईबापू नाही म्हणाले, आई. रत्नपालजी."

शामकलाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग प्रेरणाकडे वळून विचारलं, "तू पुन्हा उंदरं तं नाही सांगतलीस कोणाले?"

केवळराम आले ते धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यात, काखेत कापडी पिशवी धरून. 'जयभीम' झाला. खुर्चीच्या अगदी काठावर बसून ते होणाऱ्या विहिणीला म्हणाले, "ईनबाई, मले प्रेरणाबाईसंग दोन शब्द बोलाचे आहेत. एकांतात."

शामकलाबाई चहा करायला आत गेल्या. रत्नपाल दाराआड उभा राहिला. एकांत म्हणजे कामठ्यात एवढाच मिळतो.

"बाई," केवळराम खाकरले, "सोमवारी पेशी आहे म्हणते तुमची?"

प्रेरणाचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत तिच्या कामाबद्दल कोणी आपणहून विचारलं नव्हतं. "हो मामाजी! तुम्हाला कसं कळलं?"

"सबले मालूम आहे. किती सालापासून चालू आहे?"

"चार वर्षं झाली."

"चारच?" केवळरामांनी तिच्याकडे जुन्या माणसाच्या मायेनं पाहिलं. "वाढून राहिली असंल."

"तेच तर दुखणं आहे. नुसत्या वाढतच जातात, थांबायचं नाव नाही."

"थांबत नाही बाई, थांबत नाही ते! मंग तुम्ही का करता?"

"औषध देऊन बघतो."

केवळरामांनी दाराकडे पाहून खुर्ची पुढे ओढली. "कोणाले? साहेबाले?"

"नाही, नाही, थेट पेशींनाच. काही औषधाला जुमानत नाहीत. मग डोस वाढवायचा."

"डोस वाढवाचा," ते मान हलवत म्हणाले. मोठ्या शहरातल्या रीती वेगळ्या असणारच. मग त्यांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली. "बाई, आता लपवत नाही. मले भेव होता, तुम्ही शिकलेसवरले लोक, आयकलं तर पोरीले नाही म्हणाल. पण तुमचं समजलं अन् धीर आला. माझी बी पेशी आहे."

प्रेरणाने हातातला पाण्याचा गिलास खाली ठेवला. "मामाजी... कुठे आहे?"

"धुऱ्यावर."

धुरा म्हणजे शेताचा बांध, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पण त्या क्षणी तिला वाटलं, पाठीच्या कण्याला इकडे असं म्हणत असतील. "कधीपासून?"

"बाप होता तवापासून. त्याच्यापासून माझ्याकडं आली. माझा चुलतभाऊ चुन्नीलाल, त्याले बी आहे."

"अख्ख्या घराण्यात?" प्रेरणा उठून उभी राहिली. असे आजार आजोबांकडून नातवंडांपर्यंत उतरतात, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? रत्नपालची अजून न झालेली मुलं तिच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेली. "मामाजी, घाबरू नका. पण अल्काला तपासून घ्यावं लागेल."

"अल्काले कायले? पोरीचं नाव नाही त्यात!"

"नाव नसलं तरी रक्तात असू शकतं. डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर?" केवळराम गोंधळले. "वकील म्हणते, पुढच्या तारखेले पाहू."

आत चहा उतू गेला त्याचा चर्र आवाज आला.

मग सगळं उलगडलं. धुऱ्यावर मोहाचं एक झाड होतं. ते आपलं, असं केवळरामांचं म्हणणं. आपलं, असं चुन्नीलालचं. बापांनी दावा लावला, पोरांनी चालवला. मोहफुलं पडायच्या दिवसांत दोघंही पेशीवर असत, आणि फुलं वेचायला वानरं येत. प्रेरणाने मग आपल्या पेशी समजावल्या: काचेच्या बशीतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या.

"म्हणजे तुमची कोर्टात पेशी नाहीच?"

"नाही मामाजी."

"एकही नाही?"

"एकही नाही."

केवळरामांचा चेहरा पडला. "मंग मीच एकटा सापडलो," असं पुटपुटून त्यांनी चपलेकडे पाय नेला.

तेवढ्यात शामकलाबाई उरलेला चहा घेऊन बाहेर आल्या. कप होणाऱ्या व्याह्यांच्या हातात देत म्हणाल्या, "बसा ईवाई. जो माणूस एका झाडाले दोन पिढ्या सोडत नाही, तो आमच्या पोराले का सोडन?"

केवळरामांनी कपाकडे पाहिलं, मग दाराकडे. "जवाईबापू," त्यांनी हाक मारली, "कवाचे उभे आहा जी तेथी? या ना बाहीर."

दाराआड काहीतरी खाली पडलं.

रविवारी साक्षगंध झालं. अल्काने फुटक्या काचेच्या फोनवर सगळ्यांचे फोटो काढले. संध्याकाळी प्रेरणा गाडीसाठी निघाली तेव्हा केवळराम तिची बॅग उचलून अंगणातल्या भिंतीपाशी थांबले.

"बाई, तो तीन वर्षाचा पोरगा कसा आहे?"

"त्याचं नावही आम्हाला कळत नाही, मामाजी. फक्त त्याच्या पेशी येतात. पण त्या कशाने मरतात ते एकदा कळलं, तर पुढची मुलं वाचतील."

केवळरामांनी बॅग खाली ठेवली आणि हात जोडले. "मंग मरो बाई तुमची पेशी. मरूनच जावो. एकही नोको वाचो."

"तुमचीही मरो मामाजी," प्रेरणा हसून म्हणाली. "उद्याच मरो."

भिंतीपलीकडे सुमनबाईंचं सूप पुन्हा थांबलं.