मागे घेतलेला शोधनिबंध

सरोजिनीबाईंच्या गुडघ्यांसाठी सिटी सेंटर दवाखान्याच्या डॉ. तरुण शितोळ्यांनी नवी गोळी लिहून दिली आणि आठवडाभरात गुडघे राहिले बाजूला, पोटातच आग पडायला लागली. मुलीने, प्रांजलीने, गोळीचं नाव वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. याच औषधाचे गोडवे गाणारा शोधनिबंध तिने आपल्या पीएचडीच्या गाइडबरोबर लिहिला होता. पुढे रुग्णांच्या नोंदींची अदलाबदल झाल्याचं तिच्याच लक्षात आलं, तेव्हा संपादकांच्या मागे लागून तिने तो मागे घ्यायला लावला. त्या दिवसापासून गाइडनी बोलणं टाकलं, आणि कॉलेजातली बढती अडकली ती अडकलीच.

आईला रिक्षात घालून ती तडक दवाखान्यात पोचली. शितोळे माणूस सज्जन. त्यांनी चहा सांगितला आणि कॉम्प्युटरवर याच वर्षीचा एक आढावा लेख उघडला. जगभरचे अभ्यास एकत्र करून त्यात औषध गुणकारी ठरवलं होतं, आणि सगळा डोलारा उभा होता प्रांजलीच्या निबंधावर.

"हा निबंध मागे घेतलाय," ती म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"मीच घ्यायला लावला. यातली पी. भोसले म्हणजे मी."

शितोळ्यांनी आदराने तिच्याकडे पाहिलं. "अरे वा. पण मॅडम, तुमचा पेपर तर जुना झाला. रिव्ह्यू लेटेस्ट आहे ना."

आईची गोळी त्यांनी बंद केली, तीही मॅडमच्या शब्दाखातर. बाहेर बाकावर बसलेल्यांची चालूच राहिली.

प्रांजलीने आढावा लिहिणाऱ्याला कळवलं. त्याचं नम्र उत्तर आलं, की संदर्भ त्याने आधीच्या आढाव्यातून उचलले होते, आणि तो लिहिणारे गृहस्थ आता निवृत्त झालेत. मग चिडून तिने स्वतःच एक टिपण छापून आणलं: हा अभ्यास चुकीचा आहे, रद्द झालाय, कुणी वापरू नये. नियमाप्रमाणे त्यात त्या निबंधाचा संदर्भ द्यावा लागला, तो तिने दातओठ खात दिला.

"आता तरी सुटलीस ना गं?" सरोजिनीबाईंनी विचारलं. सुटले, असं ती म्हणाली.

काही महिन्यांनी शितोळ्यांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"मॅडम, बधाई हो. नवीन रिव्ह्यू आलाय. गोळीच्या बाजूने आता तुमचा एक नाही, दोन-दोन पेपर आहेत, तो जुना आणि परवाचं ते टिपण. मी तर आता निर्धास्त होऊन लिहून देतोय."